गेममधील आवाजाचे बिघाड आणि त्यांचा शोध

संगणकावरील खेळातून आवाज न येणे, अर्धवट येणे, फाटणे, अडखळणे किंवा त्यात गुणगुण मिसळणे, यांचे कारण शोधून ते दूर करण्याचे काम. नाशिकमध्ये या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे : ‘साउंड गेला’. एम.जी. रोडवरचे दुकान असो की सिडकोत शेजारच्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ मुलाला मारलेली हाक असो, तक्रार याच दोन शब्दांत येते. बिघाड मात्र डझनभर प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. म्हणून काही उघडण्याआधी, काही काढून टाकण्याआधी, ‘नेमके काय ऐकू येत नाही?’ हे विचारणे हा या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

आवाजाची वाट : गेम चालू असताना पावले, गोळ्या, पाऊस, संगीत, संवाद असे कितीतरी आवाज एकाच वेळी वाजत असतात. गेममधले ध्वनि-इंजिन (पुष्कळ गेममध्ये एफमॉड किंवा वाइज) ते एकत्र करून अंकांचा प्रवाह तयार करते. बहुधा प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४८,००० अंक. हा प्रवाह विंडोजच्या मिक्सरमध्ये जातो, तिथे ब्राउझरचा आणि चॅटचा आवाज त्याला मिळतो. पुढे ड्रायव्हर (चिपशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम), मदरबोर्डवरची साउंड चिप, जॅक, वायर आणि शेवटी हेडफोन. अंकांचे विजेच्या चढउतारात रूपांतर होते ते चिपमध्ये.

घरात नळाला पाणी आले नाही की आपण थेट गंगापूर धरणावर जात नाही. आधी शेजारी विचारतो, ‘तुमच्याकडे आलंय का?’ इथेही तेच करावे. गेम बाजूला ठेवून त्याच हेडफोनवर ब्राउझरमध्ये एखादे गाणे लावावे. गाणे नीट वाजले तर ड्रायव्हरपासून हेडफोनपर्यंतची वाट मोकळी आहे, आणि दोष गेममध्ये किंवा मिक्सरमधल्या त्या गेमच्या आवाजाच्या पट्टीत आहे. गाणेही वाजले नाही तर गेमच्या सेटिंगमध्ये तास घालवण्यात अर्थ नाही. या चाचणीला दहा सेकंद लागतात, आणि तीच सर्वांत जास्त वेळा चुकवली जाते.

पूर्ण शांतता : एकही आवाज येत नसेल तर भाग जळाला असण्याची शक्यता कमी असते, बहुतेक वेळा आवाज दुसरीकडे जात असतो. एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडलेला असतो आणि ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट झाला की विंडोज कधी कधी त्या मॉनिटरलाच आवाजाचे मुख्य उपकरण ठरवते. पुष्कळ मॉनिटरना स्पीकर नसतात, त्यामुळे आवाज जातो पण ऐकू येत नाही. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावरून उपकरण बदलले की काम झाले. मात्र कित्येक गेम सुरू होतानाच उपकरण ठरवतात आणि मध्येच केलेला बदल त्यांना कळत नाही. ‘सेटिंग केलं तरी येत नाही’ असे म्हणणाऱ्याने बऱ्याचदा गेम बंद करून पुन्हा उघडलेला नसतो. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रॅमला मिक्सरमध्ये स्वतःची पट्टी असते. ती एकट्या गेमसाठी शून्यावर असू शकते, तीही पाहावी. तरीही जमले नाही तर ‘विंडोज ऑडिओ’ ही सर्व्हिस बंद करून परत चालू करावी.

असेंबल केलेल्या पीसीत आणखी एक नेहमीचा प्रकार असतो. मागच्या हिरव्या जॅकला आवाज येतो आणि कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला अजिबात नाही. पुढच्या जॅकपासून निघणारी नऊ छिद्रांची वायर मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसवायची असते; जोडणाऱ्याकडून ती राहून जाते किंवा अर्धवट बसते. पिनांच्या दहा जागांपैकी एका जागेवरची पिन मुद्दाम काढलेली असते, त्यामुळे ती उलटी बसत नाही, एवढी सोय आहे. वायर नीट असूनही पुढचा जॅक मुका राहिला तर रिअलटेकच्या (साउंड चिप बनवणाऱ्या कंपनीच्या) कंट्रोल पॅनलमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करणारा पर्याय असतो. तो निवडल्यावर कित्येक जॅक बोलू लागतात. इगतपुरी आणि त्र्यंबकच्या पट्ट्यात, जिथे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, जॅकच्या आतल्या पत्र्यांवर गंज चढतो. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिन पुसून ती दहा-बारा वेळा आत-बाहेर केली तरी फरक पडतो. पीसी अर्थातच बंद ठेवून.

संवाद गायब होणे : या विषयातला सर्वांत शिकवणारा बिघाड हा आहे. पाऊस ऐकू येतो, घोड्याच्या टापा ऐकू येतात, पार्श्वसंगीत भरदार येते. पात्रांचे ओठ हलतात, पडद्यावर सबटायटल धावतात, पण बोलणे ऐकू येत नाही. खेळणाऱ्याला हा एकच बिघाड वाटतो. प्रत्यक्षात त्याची किमान तीन वेगळी कारणे असतात आणि तिन्हींचा उपाय निराळा असतो.

पहिले कारण वाहिन्यांचे. विंडोजमध्ये किंवा गेममध्ये ‘५.१’ स्पीकर निवडलेले असतात आणि टेबलावर दोनच असतात. ५.१ मांडणीत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरकडे पाठवले जातात. तो स्पीकरच नाही, मग संवाद येणार कुठून? सेटिंग ‘स्टिरिओ’ केले की पात्रे लगेच बोलू लागतात.

दुसरे कारण पिनचे. मोबाईलच्या माईकवाल्या इअरफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा आणि चार धातूचे तुकडे असतात : डावा, उजवा, जमीन (ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट) आणि माईक. जमीन आणि माईक यांचा क्रम लावण्याच्या दोन पद्धती प्रचलित झाल्या, सीटीआयए आणि ओएमटीपी. लॅपटॉप एका पद्धतीचा आणि इअरफोन दुसऱ्या पद्धतीचा असेल, किंवा पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली असेल, तर दोन्ही कानांना परतीची वाट नीट मिळत नाही. मग कानांना डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. संवाद दोन्हीकडे सारखे असतात, म्हणून ते एकमेकांना खाऊन टाकतात. आजूबाजूचे आवाज दोन्हीकडे वेगळे असतात, म्हणून ते उरतात, पण पोकळ, लांबून आल्यासारखे. हे ओळखण्याची युक्ती फार सुंदर आहे. त्याच इअरफोनवर मराठी गाणे लावावे. तबला, पेटी, व्हायोलिन ऐकू येतात आणि गाणाऱ्याचा गळाच नाहीसा होतो. मग इअरफोनच्या वायरवरचे बटण दाबून धरावे. गळा परत येतो, बटण सोडले की पुन्हा जातो, कारण बटण माईकची तार जमिनीला जोडते आणि तेवढा वेळ परतीची वाट पूर्ण होते. हा प्रयोग समोर करून दाखवला की ‘चिप गेली’ असे म्हणणारा माणूस स्वतःहून गप्प होतो. उपाय म्हणजे पिन शेवटपर्यंत दाबणे, नाही तर योग्य पद्धतीचा छोटा जोड किंवा माईक आणि हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर.

पहिल्या कारणात गाणे ठीक वाजते आणि फक्त गेमचे संवाद जातात. दुसऱ्यात गाण्यातला गळाही जातो. एवढ्या एका फरकावर निदान ठरते.

तिसरे कारण फायलींचे. मोठ्या गेममध्ये संवाद वेगळ्या भाषा-संचात असतात. भाषा बदलली आणि तो संच उतरवलाच नाही, तर सबटायटल दिसतात आणि आवाज येत नाही. चोरीच्या मार्गाने फिरणाऱ्या, आकार कमी केलेल्या प्रतींमध्ये संवादांचा संच निवडायचा राहून जातो आणि मग लोक हेडफोन बदलत बसतात. रीतसर घेतलेल्या प्रतीत स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपमधून फायलींची पडताळणी केली की हरवलेला भाग आपोआप उतरतो. जुन्या काही गेमना देवनागरीतल्या युजर-नावाचा किंवा फोल्डर-नावाचा रस्ता वाचता येत नाही. अशा वेळी गेम साध्या रोमन नावाच्या फोल्डरमध्ये टाकावा. आपल्या लिपीतले नाव ठेवण्यात काही गैर नाही, पण जुन्या प्रोग्रॅमचे हे दुबळेपण ठाऊक असावे.

खरखर आणि अडखळणे : आवाज छोट्या तुकड्यांत तयार होतो. विंडोजमध्ये नेहमीच्या पद्धतीत हा तुकडा १० मिलिसेकंदांचा, म्हणजे ४८,००० च्या हिशोबाने ४८० अंकांचा असतो. एक तुकडा वाजत असताना पुढचा तयार व्हावा लागतो. प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतला आणि तुकडा वेळेवर आला नाही, तर मध्ये फट पडते. कानाला ती ‘टक्’ अशी लागते. अशा फटी सलग पडल्या की खरखर होते. वायफाय किंवा ग्राफिक्सचा एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरत असेल तर लेटन्सीमॉन हे साधन तो दाखवते. गेम पूर्ण गोठल्यावर शेवटचा आवाज ‘टर्रर्र’ असा एकसारखा फिरत राहतो, तेही याच व्यवस्थेमुळे : नवा तुकडा येत नाही आणि चिप जुनाच पुन्हा पुन्हा वाजवते.

फाटलेला आवाज याहून वेगळा. १६ बिटच्या ध्वनीत सर्वांत मोठा अंक ३२,७६७. त्यावर गेलेले सगळे कापले जाते. गेमचा आवाज, वर बेस बूस्ट, वर लाउडनेस असे सगळे शंभरावर नेले की स्फोटाच्या वेळी लाट सपाट होते आणि आवाज फाटतो. नाशिक ढोलाच्या गावात छातीत घुमणारा आवाज हवासा वाटणे समजण्यासारखे आहे. तो स्पीकरच्या बटणावरून मिळवावा आणि जोडलेले इफेक्ट बंद ठेवावेत. हळू आवाजातही फाटत असेल, तर मात्र स्पीकरचा पडदाच गेला आहे.

गुणगुण आणि अर्थिंग : भारतातली वीज ५० हर्ट्झची. स्पीकरमधून एकसुरी ‘घूंऽऽ’ येत असेल तर संशय आधी वायरिंगचा घ्यावा. लॅपटॉपचा चार्जर काढला की गुणगुण थांबते का, ही पहिली चाचणी. थांबत असेल तर पीसी आणि स्पीकर वेगवेगळ्या प्लगांमधून जमिनीला जोडले जाऊन वेटोळे तयार झाले आहे, किंवा अर्थिंगच नाही. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्याने पहिला प्रकार बहुधा मिटतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत अजूनही दोन पिनांचे बोर्ड सापडतात. तिथे थ्री-पिनची जाड पिन तोडून काम भागवतात. असे कधीही करू नये. ती पिन माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे, आणि कॅबिनेटला हात लावल्यावर येणारा झिणझिण्यांचा झटका ही तिच्या नसण्याची खूण आहे. उन्हाळ्यात माती सुकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मार्चमध्ये नसलेली गुणगुण मे महिन्यात सुरू होते. कोळसा-मीठ भरलेल्या त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतल्यावर गेममधली गुणगुण कमी होते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी त्यामागचे विज्ञान साधे आहे : ओली माती वीज चांगली वाहून नेते.

ब्लूटूथ आणि चॅट : ब्लूटूथ हेडफोनवर गेम छान वाजतो आणि मित्राशी बोलायला माईक चालू केला की सगळा आवाज फोनवरच्यासारखा चपटा होतो. हा बिघाड नाही. चांगला स्टिरिओ आवाज आणि माईक यांसाठी नेहमीच्या ब्लूटूथमध्ये दोन वेगळ्या पद्धती आहेत. माईक चालू होताच हेडफोन फोनच्या पद्धतीवर जातो. माईक वेगळा, वायरचा घेतला की प्रश्न सुटतो. बोलणे सुरू होताच गेम एकदम हळू होत असेल, तर विंडोजच्या ‘कम्युनिकेशन्स’ या टॅबमध्ये इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय आपोआप निवडलेला असतो. तो ‘काहीच करू नको’ वर न्यावा.

जुने गेम : १९८१ च्या आयबीएम पीसीत फक्त पिपाणीसारखा वाजणारा छोटा स्पीकर होता. १९८७ मध्ये ॲडलिब आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर ही साउंड कार्डे आली. डॉसच्या गेमला कार्डाचा पत्ता स्वतः सांगावा लागे : पोर्ट २२०, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारण्याची ओळ) ५ किंवा ७, डीएमए (आवाज थेट मेमरीतून नेण्याची वाट) १. प्रिंटरही आयआरक्यू ७ वापरायचा, त्यामुळे तिथे टक्कर होई. आज हे गेम जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालतात आणि तिथेही हेच आकडे भरावे लागतात; तेव्हाचे ज्ञान वाया गेलेले नाही. नव्वदच्या दशकातल्या कित्येक गेमचे संगीत सीडीवर गाण्यांसारखे असे आणि सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक वायर जोडावी लागे. ती नसेल तर गोळ्या ऐकू येत, संगीत नाही. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडचा (गेमचा आवाज विंडोजकडे देणाऱ्या जुन्या व्यवस्थेचा) थेट हार्डवेअरपर्यंतचा मार्ग काढून टाकला आणि त्याआधीच्या गेममधले ईएएक्स परिणाम, म्हणजे गुहेत किंवा खोलीत आवाज घुमल्याचा भास, मुके झाले. ते क्रिएटिव्हच्या अल्केमीसारख्या पूलवजा प्रोग्रॅमने परत मिळतात.

फॉरमॅट मारणे : आवाज गेला की ‘फॉरमॅट मारून देतो’ हा सल्ला सर्रास मिळतो. क्वचित त्याने फरक पडतो, कारण सगळी सेटिंग मूळ जागी येतात. पण कारण कळत नाही, घरातले फोटो जातात, आणि अर्ध्या बसलेल्या पिनेवर फॉरमॅटचा काही उपयोग नसतो. ड्रायव्हर काढून मदरबोर्डच्या कंपनीकडचा परत टाकणे हीसुद्धा शेवटची पायरी असावी.

दिशा चुकणे : पाऊल डावीकडे वाजते आणि शत्रू उजवीकडून येतो, अशी तक्रार स्पर्धेत खेळणारे करतात. आधी हेडफोन उलटा घातला आहे का ते पाहावे. मग गेममधली एचआरटीएफ (हेडफोनवर आवाजाची दिशा भासवणारी पद्धत) आणि विंडोजची तशीच ‘स्पेशियल साउंड’ ही दोन्ही एकदम चालू नाहीत ना, हे तपासावे. दिशा दोनदा मोजली गेली की ती पुसट होते. शेवटी विंडोजच्या सुगम्यता विभागातला ‘मोनो ऑडिओ’ पाहावा. एका कानाने ऐकू येणाऱ्या खेळाडूसाठी ती मोलाची सोय आहे, कारण दोन्ही बाजूंचा सगळा आवाज त्याच्या एका कानात येतो. घरात एकच पीसी दोघे वापरत असतील तर दुसऱ्याने खेळण्याआधी ती बंद करावी, आणि उठताना पुन्हा चालू करून ठेवावी.