मका वाळवायचा कुठे?

२०२० च्या उन्हाळ्यात चीनच्या शानडोंग प्रांतात बराच आरडाओरडा झाला. तीनचार गावं पाडायची, सगळ्यांची मिळून एक वसाहत करायची आणि लोकांना बिल्डिंगमध्ये फ्लॅट द्यायचे असा कार्यक्रम तिथे जोरात चालू होता, आणि काही ठिकाणी झालं असं की जुनी घरं पाडून मोकळे झाले पण नवीन बिल्डिंगचा पत्ताच नाही, मग माणसं खोपटं घालून राहायला लागली. फोटो फिरले, प्राध्यापक मंडळींनी टीका केली, शेवटी शेतकऱ्यांच्या मर्जीविरुद्ध काही करणार नाही असं प्रांताच्या सरकारला सांगावं लागलं. पुढच्या वर्षी तर केंद्राच्या कागदातच आलं की शेतकऱ्यांना जबरदस्तीने 'वर चढवू' नका. वर चढवणं म्हणजे अंगणातल्या घरातून उचलून मजल्यावर नेऊन ठेवणं, तिकडे हा शब्द रुळलेलाच आहे.

आणि गंमत म्हणजे अशाच एखाद्या वसाहतीत पाचसात वर्षांनी गेलात तर तिथे बरं आहे म्हणणारेही भेटतात. नळाला पाणी, घरात संडास, पावसात चिखल नाही. मग खरं काय? माझ्या मते दोन्ही खरं, कारण प्रश्न वेगवेगळ्या वेळी विचारलाय.

आधी हे सगळं कशासाठी ते बघू. चीनने १२ कोटी हेक्टर शेतजमिनीची लक्ष्मणरेषा आखलीय, त्याखाली जायचं नाही. पण शहरांना तर जमीन हवीच. त्यावर २००४ पासून एक जुगाड निघाला आणि २००८ मध्ये त्याचे नियम झाले: गावातली घरांची जागा, म्हणजे आपल्या भाषेत गावठाण, रिकामी करून पुन्हा लागवडीखाली आणायची आणि तेवढ्या जागेवर शहराच्या कडेला बांधकामाची परवानगी मिळवायची. ती परवानगी विकता येते, फ्लॅटचा खर्च बऱ्यापैकी त्यातूनच निघतो. थ्येनचिन शहराजवळ हुआमिंग नावाचं गाव १२ खेडी मिळून असंच उभं केलं आणि २०१० च्या शांघाय एक्स्पोमध्ये मॉडेल म्हणून मिरवलं. थोडक्यात काय, शेतकऱ्याच्या सोयीचं बोललं जातं, पण मुळात हिशोब जमिनीचा आहे, आणि शेतकऱ्याला तो कळतो, त्याला खुळा समजायचं कारण नाही.

आता मन कसं बदलतं ते. घर सोडायच्या आधी विरोध जास्त असतो आणि त्याचं एक कारण प्रयोगात सापडलंय. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये छापलेला कपांचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल, अर्ध्या लोकांना कॉफीचा कप फुकट दिला आणि केवढ्याला विकशील विचारलं, बाकीच्यांना केवढ्याला घेशील विचारलं, तर विकणारे दुपटीहून जास्त किंमत सांगत होते. कप हातात येऊन काही मिनिटंच झालेली! इथे तर आजोबांनी बांधलेलं घर आहे. त्यात चीनमध्ये घराची जागा गावाच्या सामूहिक मालकीची, बाहेरच्याला विकता येत नाही, त्यामुळे बाजारभाव असा काही नाहीच, मग सरकारी माणूस एक आकडा सांगणार आणि घरमालकाच्या मनात दुसरा असणार.

मग मधला काळ. जुनं गेलंय, नवीन मिळालेलं नाही, भाड्याने किंवा नातेवाईकांकडे दिवस काढायचे. मला विचाराल तर सगळ्यात वाईट टप्पा हाच. चावी हातात आली की थोडे दिवस बरं वाटतं, पण मग खर्च समोर यायला लागतो. उत्तर चीनमधल्या जुन्या घरात 'खांग' असतो, म्हणजे विटांचा ओटा, चुलीची ऊब त्याच्या पोटातून फिरते आणि त्यावरच झोपायचं. सरपण म्हणून शेतातली मक्याची ताटं चालतात. फ्लॅटमध्ये हीटिंगचं बिल येतं. पाण्याचं बिल, मेंटेनन्स, भाजी विकत, अंडी विकत, कारण कोंबड्या ठेवायच्या कुठे? आणि सुगी आली की मका वाळवायचा कुठे हा खरा प्रश्न, अंगण म्हणजे खळंच होतं ना ते. शेत लांब गेलं, अवजारं तिसऱ्या मजल्यावर चढवता येत नाहीत. मग बिल्डिंगमधल्या लॉनवर कांदापात उगवते. च्यांगसू प्रांतात तर काही वसाहतींमध्ये म्हातारी माणसं खालच्या गॅरेजमध्ये राहतात, जिने चढवत नाहीत आणि दारात ओळखीचं कुणी भेटतं म्हणून.

यानंतर मात्र सगळ्यांचं मन एकाच दिशेने जात नाही. कारखान्यात नोकरी करणाऱ्या तिशीतल्या माणसाला फ्लॅट आवडायला लागतो, मुलाची शाळा जवळ, लग्न जुळवताना पण फ्लॅट उपयोगी पडतो. चार बिघ्यांवर पोट असलेल्या साठीच्या माणसाला तसं वाटत नाही. एकाच घरात बाप आणि मुलगा वेगवेगळं उत्तर देतात आणि सर्व्हेवाला दोघांची सरासरी काढतो, तिला काय अर्थ आहे देव जाणे.

स्थलांतराचा सगळ्यात लांब पल्ल्याचा अभ्यास खरं तर आफ्रिकेतला. झांबेझी नदीवर करिबा धरण झालं तेव्हा साधारण ५७ हजार टोंगा लोकांना हलवलं, आणि थेअर स्कडर आणि एलिझाबेथ कोल्सन या दोघा मानववंशशास्त्रज्ञांनी १९५६ पासून, म्हणजे लोक हलायच्या आधीपासून, त्यांच्यात जायला सुरुवात केली ती पुढे कित्येक दशकं चालू ठेवली. स्कडरने त्यातून टप्पे मांडले, सुरुवातीच्या ताणाच्या काळात लोक जुन्या सवयींना चिकटून बसतात, नवीन धंदा करून बघत नाहीत, आणि ती आडमुठेपणाची गोष्ट नाही, तेवढंच काहीतरी ओळखीचं हाताशी उरलेलं असतं. मग काही वर्षांनी जम बसतो. टोंगांचाही बसला होता, साठच्या दशकात तलावातली मासेमारी आणि गुरं यांच्यावर हातात पैसा आला. पण सत्तरच्या दशकात देशाची, म्हणजे झांबियाची, आर्थिक घडी बिघडली आणि ही मंडळी पुन्हा खाली गेली. १९६८ ला विचारलं असतं तर योजना यशस्वी, १९८० ला विचारलं असतं तर फसली.

म्हणून वसाहतीतले इतके टक्के लोक समाधानी असं कुठे वाचलं की मी आधी बघतो, राहायला येऊन किती महिने झाले होते. आणि दुसरं म्हणजे विचारलं कुणाला. सर्व्हेवाला फ्लॅटची दारं वाजवत जातो, आणि सुगीत शेतावर शेड टाकून राहिलेला म्हातारा तेव्हा घरात नसतोच.