यूआय कुठे संपतं आणि यूएक्स कुठे सुरू होतं

नोकरीच्या जाहिरातींत ‘यूआय/यूएक्स डिझायनर’ असं सर्रास एका दमात लिहिलेलं असतं. त्या तिरक्या रेघेमुळे बऱ्याच जणांचा समज होतो की या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, नाहीतर यूएक्स म्हणजे यूआयचंच भारदस्त नाव.

यूआय म्हणजे युजर इंटरफेस. बटणं, रंग, अक्षरांचा आकार, आयकॉन, मोकळी जागा, बोट लावल्यावर होणारी हालचाल असं जे डोळ्यांना दिसतं आणि बोटाला लागतं ते सगळं. यूएक्स म्हणजे युजर एक्स्पिरियन्स, वापरणाऱ्याला येणारा एकूण अनुभव. त्याचा आवाका याहून बराच मोठा आहे. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन १९९३ साली ॲपलमध्ये गेले आणि ‘युजर एक्स्पिरियन्स आर्किटेक्ट’ असं पद त्यांनी स्वतःला लावून घेतलं. इंटरफेस किंवा वापरसुलभता या शब्दांत त्यांच्या मनातलं काम मावत नव्हतं. वस्तूची घडण, पडद्यावरची चित्रं, हाताळणी, इतकंच काय सोबतची माहितीपुस्तिकासुद्धा त्यांना त्यात धरायची होती.

एक उदाहरण नीट उलगडून बघू. तुम्ही ॲपवरून तिकिटाचे पैसे भरताय. चक्र फिरत राहतं आणि मग स्क्रीनवर येतं, ‘काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ खाली ठसठशीत बटण.

यूआयच्या निकषांवर ही स्क्रीन आरामात पास होऊ शकते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट आहे, म्हणजे साध्या आकाराच्या अक्षरांसाठी डब्ल्यूसीएजीची, म्हणजे वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीच्या मार्गदर्शक नियमांची, एए पातळीची अट पूर्ण झाली. बटण ४४ पॉइंटपेक्षा मोठं, म्हणजे ॲपलची शिफारसही पाळली. रंगसंगती ॲपच्या बाकी भागाशी जुळते. कुणी नाव ठेवायला जागा नाही.

पण वापरणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा वेगळेच प्रश्न असतात. पैसे कापले गेले का? पुन्हा दाबलं तर दुसऱ्यांदा कापले जातील का? गेले असतील तर परत कधी मिळणार? यातल्या एकाचंही उत्तर रंगात किंवा बटणाच्या आकारात नाही. त्यासाठी व्यवहाराची खरी स्थिती सर्व्हरने तपासून आणायला हवी, एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले जाणार नाहीत अशी तजवीज कोडमध्ये हवी, परताव्याचा नियम कुणीतरी ठरवलेला हवा आणि ग्राहकसेवेत फोन उचलणाऱ्यालाही तीच माहिती दिसायला हवी. एवढं जुळून आलं की मग मजकूर लिहिता येतो: ‘पैसे तुमच्या खात्यातून गेले आहेत, पण तिकीट निघालेलं नाही. पैसे आपोआप परत येतील. पुन्हा भरू नका.’ गंमत म्हणजे आता ते ठसठशीत बटणच काढून टाकावं लागतं.

म्हणून मी एक साधी कसोटी लावतो: तक्रार आली की दुरुस्ती कुठे करावी लागेल ते बघायचं. अक्षरं वाचता येत नाहीत, बटणावर बोट नीट पडत नाही, ही यूआयची दुरुस्ती. ‘पुढे काय करायचं तेच कळत नाही’ ही बहुतेक वेळा यूएक्सची. अर्थात दोघांमध्ये भिंत नाही. अक्षरं वाचता आली नाहीत तर अनुभवही बिघडतोच, कारण यूआय हा यूएक्सचाच एक भाग आहे.

कामांची वाटणीही यातूनच होते. इंटरॅक्शन डिझायनर पायऱ्यांचा क्रम बसवतो, इन्फर्मेशन आर्किटेक्ट कुठली माहिती कुठल्या नावाखाली सापडेल ते ठरवतो, यूएक्स रायटर वर पाहिलं तशी वाक्यं लिहितो आणि दृश्य बाजू यूआय डिझायनर सांभाळतो. सगळ्यात आधी कात्री लागते ती मात्र यूएक्स रिसर्चरच्या कामाला. लोकांना भेटणं, त्यांना काम करायला देऊन गप्प बसून बघणं, हे वरवर पाहता वेळखाऊ वाटतं. खरं तर सुरुवातीला फार माणसंही लागत नाहीत. पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी समोर येतात, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरून केलेला तो हिशोब आहे. तो लोक सोयीने वाकवतात. पाच जणांकडून अडचणी सापडतात. ‘इतक्या टक्के लोकांना डिझाइन आवडलं’ असा निष्कर्ष त्यावरून काढणं चूक आहे.

छोट्या कंपनीत ही सगळी कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात आणि त्याला अनेकदा ‘प्रॉडक्ट डिझायनर’ म्हणतात. त्यात गैर काही नाही. मात्र जाहिरातीत यूएक्स लिहून प्रत्यक्षात फक्त फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या चकचकीत स्क्रीन मागणं, हे फार चालतं. पदाच्या नावावरून ते कळत नाही. मुलाखतीला गेलात तर एवढंच विचारा: वापरणाऱ्यांना काम करताना बघून तुम्ही शेवटचं काय बदललंत, आणि तो निर्णय कुणी घेतला?