चिकनचा रस खरंच ‘आत कोंडला’ जातो का?

‘चिकन ओव्हनमध्ये घालण्याआधी कडक तव्यावर भाजून घ्या, म्हणजे रस आत कोंडला जातो’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे. वरचा भाग कडक झालेला डोळ्यांना दिसतो, मग तो झाकणासारखं काम करत असणार असं वाटतंच.

पण जरा तव्याकडे कान द्या. भाजताना चर्र आवाज येत राहतो ना, तो मांसातून सुटणाऱ्या पाण्याची वाफ होण्याचा. वरचा थर खरंच बंद झाला असता तर आवाजही थांबला असता. पुढे ओव्हनमध्ये तेच. चिकनसोबत ट्रेमध्ये बटाटे ठेवले तर ते जो रस पिऊन इतके चविष्ट होतात, तो या ‘बंद’ चिकनमधूनच गळालेला असतो.

खात्री करायला घरातला वजनकाटा पुरे. सारख्या वजनाचे दोन तुकडे घ्या, एकच तव्यावर भाजा, दोन्ही आतून ७४ अंश सेल्सिअस होईपर्यंत शिजवा आणि पुन्हा तोला. भाजलेला तुकडा काही जड भरत नाही.

रस टिकणं अवलंबून असतं आतल्या तापमानावर. मांस तापेल तसे तंतू आक्रसतात आणि पाणी पिळून निघतं. त्यामुळे ७४ अंश झाले की चिकन बाहेर काढा. थर्मामीटर जाड भागात खुपसा, हाडाला टेकवू नका.

भाजणं मात्र सोडू नका. तो तपकिरी रंग आणि खमंगपणा त्यातूनच येतो. मी तरी तेवढ्यासाठीच भाजते.