वुल्व्हरिनचा हात किती तापेल?

1974 साली मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये अवतरलेल्या वुल्व्हरिनची जखम बघता बघता भरून येते. कशी, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: त्याच्या पेशी फार झपाट्याने विभागतात. उत्तर अपुरं आहे, पण अशा पेशी निसर्गात खरोखर असल्यामुळे ते नीट तपासून बघता येतं.

प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची पेशी साधारण 24 तासांत एकदा विभागते. त्यातले आठेक तास डीएनएची नक्कल करण्यात जातात. नक्कल करणारं एन्झाइम सेकंदाला डीएनएची सुमारे 50 अक्षरं, म्हणजे साखळीतले एकेक घटक, उतरवतं. आपलं पहिलं गुणसूत्रच जवळपास 25 कोटी अक्षरांचं. एका टोकापासून एकच एन्झाइम निघालं, तर त्याला 58 दिवस लागतील. म्हणून पेशी हजारो ठिकाणांहून काम सुरू करते.

आता पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाशीचं अंडं घ्या. सुरुवातीला त्यातली केंद्रकं दर आठ-नऊ मिनिटांनी दुप्पट होतात आणि 18 कोटी अक्षरांची नक्कल तीन-चार मिनिटांत उरकते. एन्झाइमचा वेग काही पटींनी वाढलेला नसतो. नक्कल सुरू होण्याच्या जागा मात्र फार दाट असतात, सरासरी दर 8,000 अक्षरांवर एक. प्रत्येक जागेवरून दोन्ही दिशांना काम चालतं, म्हणजे एकेका बाजूच्या वाट्याला जेमतेम 4,000 अक्षरं, दीड मिनिटाचं काम. डीएनए गुंडाळायला लागणारी हिस्टोन प्रथिनं आणि एन्झाइम्स मादीने अंड्यात आधीच भरून ठेवलेली असतात. तयारीचे आणि तपासणीचे थांबे जवळपास गाळलेले असतात. पेशींमध्ये पडदेसुद्धा घातले जात नाहीत, सगळी केंद्रकं एकाच द्रवात. 13 फेऱ्या झाल्या की केंद्रकांच्या मानाने साठा अपुरा पडू लागतो आणि 14व्या फेरीत वेग एकदम मंदावतो.

तपासणी गाळली की चुका राहतात. गर्भ पृष्ठभागावरची बिघडलेली केंद्रकं आत ढकलून वापरातून काढून टाकतो. प्रौढ शरीरात ही सोय नाही, तिथे त्याच चुका साठत जाऊन कर्करोग होऊ शकतो.

पण खरी अडचण पुढेच आहे. या सगळ्या धावपळीत अंड्याचं वजन वाढत नाही, एकाच भाकरीचे जास्त तुकडे होतात. हात उगवायचा तर भाकरीच मोठी व्हायला हवी.

70 किलोच्या माणसाचा एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, साधारण साडेतीन किलोचा. पाचवा हिस्सा प्रथिन धरलं तर 700 ग्रॅम. रोजची गरज 56 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हे साडेबारा दिवसांचं प्रथिन झालं. रक्तात एवढी सुटी अमायनो आम्लं नसतातच, ती उरलेल्या स्नायूंमधून काढावी लागतील. शिवाय प्रथिनाच्या साखळीत एक अमायनो आम्ल जोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या इंधनाचे, किमान चार रेणू मोडल्याएवढी ऊर्जा लागते. 700 ग्रॅमचा हिशेब साडेपाचशे किलोकॅलरींच्या घरात जातो आणि ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. हे पाच मिनिटांत घडलं आणि ती उष्णता पूर्ण शरीरात सारखी पसरली, तरी तापमान सुमारे 9 अंशांनी चढून 46 अंश सेल्सिअसवर जाईल. त्यात सहसा कोणी वाचत नाही. हाडं, चरबी आणि डीएनएचा खर्च तर अजून धरलेलाच नाही. हेच काम महिनाभर चाललं तर उष्णता रोज 20 किलोकॅलरीसुद्धा पडत नाही.

म्हणूनच निसर्गातले वाढीचे विक्रमही दिवसांत मोजावे लागतात. मोठ्या हरणांची शिंगं ऐन भरात दिवसाला दोन सेंटीमीटर वाढतात, आणि त्यासाठी नराच्या बरगड्यांमधलं कॅल्शियम उपसलं जातं. कोलेजन या त्वचेतल्या प्रथिनाच्या पावडरचे डबे विकणारे हा हिशेब सांगत नाहीत. ती पावडर पोटात गेल्यावर पचते आणि तिचे तुकडे कुठल्याही डाळीतल्या प्रथिनासारखे शरीरभर वाटले जातात, जखमेचा पत्ता शोधत जात नाहीत. जखमेवर शेण-माती लावणं तर सरळ धोक्याचं. धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू तिथेच असतात.

वेगापेक्षा मला मोलाची वाटते ती मेक्सिकोतल्या अ‍ॅक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या सॅलमँडरची रीत. आपल्या जखमेत फायब्रोब्लास्ट पेशी घाईने कोलेजन ओततात आणि व्रण तयार होतो. त्याची ताकद मूळ त्वचेच्या 80 टक्क्यांपुढे सहसा जात नाही. अ‍ॅक्सोलॉटलचा तुटलेला पाय दिवसाभरात पातळ त्वचेने झाकला जातो. तिच्याखाली आसपासच्या पेशी आपलं ठरलेलं काम सोडून पुन्हा कोवळ्या होतात आणि त्यांचा कोंब धरतो. या कोंबाला मज्जातंतूंकडून सतत रसायनं मिळावी लागतात. मज्जातंतू कापला तर कोंब वाढत नाही. जखमेतल्या मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी आणि जंतू गिळणाऱ्या पेशी, काढून टाकल्या तरी पाय उगवत नाही, व्रणच बनतो. सगळं सुरळीत चाललं तर काही आठवड्यांपासून महिन्यांत नवा पाय तयार होतो.

माणसातही याचा एक तुकडा शिल्लक आहे. लहान मुलाच्या बोटाचं टोक दारात चेंगरून तुटलं, पण नखाचं मूळ शाबूत असलं, तर अशा अनेक जखमा डॉक्टर टाके न घालता ओलसर ड्रेसिंगखाली ठेवतात, आणि काही आठवड्यांत टोक नखासकट बऱ्यापैकी परत येतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की नखाच्या मुळाशी असलेल्या मूलपेशी मज्जातंतूंना बोलावून घेतात. तुटण्याची जागा नखाच्या मुळाच्या मागे गेली की मात्र व्रणच होतो.