भूलशास्त्र व रुग्णसुरक्षा

शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाला वेदना होऊ न देणे आणि तेवढ्या काळात त्याचा श्वास, रक्तदाब व हृदयाचे ठोके सांभाळणे हे भूलतज्ज्ञाचे काम. भूल उतरल्यावर रुग्ण सुखरूप शुद्धीवर यावा म्हणून औषधे, उपकरणे आणि कामाची पद्धत यांत जी खबरदारी घेतली जाते, ती म्हणजे भूलशास्त्रातील रुग्णसुरक्षा. बोलताना आपण ‘भूल दिली’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर एक इंजेक्शन येते. खरे काम त्या इंजेक्शननंतर सुरू होते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. त्यानंतर दीड वर्षही उलटले नव्हते, तोच जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मने दगावली. तिच्या पायाचे नख काढायचे होते, एवढेच. आजाराने वा शस्त्रक्रियेने मरण येण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून भूलही जीव घेऊ शकते हे या मृत्यूने लख्खपणे समोर आणले. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत दिलेल्या सुमारे ६ लाख भुलींचा अभ्यास बीचर आणि टॉड या संशोधकांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दर १,५६० भुलींमागे भुलीशी संबंधित एक मृत्यू आढळला. आज प्रगत देशांत धडधाकट रुग्णाच्या बाबतीत हे प्रमाण साधारणपणे लाखात एखादा इतके खाली आले आहे.

हा बदल केवळ नव्या औषधांनी झाला नाही. टाळता येण्याजोग्या बहुतेक दुर्घटनांच्या मुळाशी माणसाची चूक असते, असे अभियंता जेफ्री कूपर व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले. बोटाला लावलेल्या चिमट्यातून रक्तातील ऑक्सिजन क्षणोक्षणी कळू लागला. १९८६ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांनी निगराणीचे किमान नियम ठरवले. भूलतज्ज्ञाने पूर्ण वेळ रुग्णाजवळ थांबावे आणि निदान दर पाच मिनिटांनी रक्तदाब व नाडी पाहावी, असे त्यात होते. आज हे इतके उघड वाटते की तो नियम लिहावा लागला याचेच नवल वाटते. रुग्णाला श्वास देण्यासाठी श्वासनलिकेत घालायची नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर ते ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग कॅप्नोग्राफी, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचे मापन. ऑक्सिमीटरवरचा आकडा उतरू लागेपर्यंत मोलाची मिनिटे निघून गेलेली असतात.

आताच्या प्रश्नांपैकी सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न अँप्युलचा, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बंद कुपीचा आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्सामिक ॲसिड हे उत्तम औषध आहे आणि म्हणूनच ते सिझेरियनच्या खोलीत हाताशी ठेवले जाते. त्याच ट्रेमध्ये पाठीतून भूल देण्याचे ब्युपिव्हाकेन असते. दोन्ही अँप्युल दिसायला सारखे निघाले आणि घाईत एकाऐवजी दुसरे भरले गेले, तर ट्रॅनेक्सामिक ॲसिड थेट मणक्यातील द्रवात जाते. पाठीत आणि पायांत असह्य वेदना, झटके, मग हृदयाची लय बिघडणे असा क्रम सुरू होतो. नोंदवल्या गेलेल्या घटनांत जवळपास निम्मे रुग्ण दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये याबाबत इशारा दिला. अशा वेळी ‘नीट वाचायला हवे होते’ म्हणून डॉक्टरला दोष देणे सोपे असते, पण पहाटे तीन वाजता दमलेला माणूस पुन्हा तीच चूक करू शकतो. औषधे वेगळ्या कप्प्यांत ठेवणे, सिरिंजला रंगीत लेबल लावणे, औषध भरताना दुसऱ्याने नाव मोठ्याने वाचणे आणि कंपन्यांनी वेष्टने वेगळी करणे, हे उपाय स्वस्त आहेत आणि लागूही पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी यादी २००८ सालची. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी तीतील एकेक बाब तपासून खूण करायची असते. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांत तिचा वापर करून पाहिला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. मात्र शस्त्रक्रिया आटोपल्यावर एकदमच खुणा करून फाइलला लावलेल्या यादीचा काही उपयोग नाही.

महाराष्ट्रात अनेक भूलतज्ज्ञ एका रुग्णालयाचे नोकर नसतात. बोलावणे आले की आपली बॅग घेऊन ते एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात जातात. प्रत्येक ठिकाणचे यंत्र निराळे, मदतनीस निराळा, आणि अडचण आली तर हाक मारायला दुसरा भूलतज्ज्ञ नाही. ग्रामीण रुग्णालयांत तर रात्रीच्या सिझेरियनला भूलतज्ज्ञच मिळत नाही. त्यावर तोडगा म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले. त्याने मातांना मदत मिळते हे खरे, पण अशा डॉक्टरला अनुभवी भूलतज्ज्ञाचा आधार मिळालाच पाहिजे.

उपवासाचा जुना नियमही बदलतो आहे. हलक्या आहारानंतर सहा तास आणि पाण्यासारख्या पातळ पेयानंतर दोन तास पुरतात. आदल्या रात्रीपासून मुलांना तहानलेले ठेवण्याचे कारण नाही. उलट सेमाग्लुटाइडसारखी मधुमेहाची व वजन घटवण्याची औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. त्यामुळे नियमाप्रमाणे उपाशी असलेल्या रुग्णाच्या पोटातही अन्न उरून भुलीत ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आठवड्याला घ्यायचे इंजेक्शन आठवडाभर आधी थांबवा असे सुचवले. २०२४ मध्ये मात्र बहुतेकांनी औषध चालू ठेवावे आणि जास्त जोखमीच्या रुग्णांनी आदले २४ तास पातळ आहार घ्यावा, असा सल्ला पुढे आला. ‘काही औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नावर वजनाचे इंजेक्शन सांगायचे पुष्कळांना सुचत नाही, म्हणून भूलपूर्व तपासणीत ते नाव घेऊनच विचारावे लागते.