गृहीत संमतीचा कायदा आणि स्पेनचा आकडा : अवयवदान वाढवण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

प्रत्यारोपणाची प्रतीक्षायादी लांबत चालली की बहुतेक देशांत एक मागणी हमखास पुढे येते : गृहीत संमतीचा कायदा करा. जिवंतपणी नकार नोंदवला नसेल, तर मृत्यूनंतर अवयवदानाला होकार आहे असं धरून चालायचं, हा त्या कायद्याचा गाभा. या मागणीच्या पाठीशी उदाहरण दिलं जातं ते स्पेनचं. तिथली परिस्थिती बदलली ती 1989 पासून, म्हणून इथे मुख्यतः त्यानंतरचा इतिहास पाहू.

त्याआधीचा थोडक्यात असा. 1954 साली बॉस्टनमध्ये जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. 1968 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या समितीने मेंदूमृत्यूचे, म्हणजे हृदय चालू असलं तरी मेंदूचं काम कायमचं थांबल्याचे, निकष मांडले. 1980च्या दशकात शरीराचा परक्या अवयवाला होणारा विरोध दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध वापरात आलं आणि असा अवयव टिकण्याची शक्यता खूप वाढली. शस्त्रक्रिया आवाक्यात आली, आणि मग अवयवच कमी पडू लागले.

फ्रान्सने 1976 मध्ये आणि स्पेनने 1979 मध्ये गृहीत संमतीचा कायदा केला. स्पेन आज जगात आघाडीवर आहे आणि तिथे हा कायदा आहे, म्हणजे हे यश कायद्याचंच, असा निष्कर्ष काढला जातो. तो टिकत नाही. कायद्याला दहा वर्षं झाली तेव्हा, 1989 मध्ये, स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे मरणोत्तर दाते होते सुमारे 14. पुढच्या दहा वर्षांत हा आकडा 33च्या वर गेला आणि 2024 मध्ये तर त्याने 50 ओलांडले. या सगळ्या काळात संमतीचं तत्त्व तेच होतं. शिवाय ते कागदावर आहे तसं कधी वापरलंच गेलं नाही. आजही तिथले डॉक्टर नातेवाईकांना विचारतात आणि त्यांनी नकार दिला तर तिथेच थांबतात.

1989 मध्ये जे बदललं ते रुग्णालयांच्या आत. राष्ट्रीय पातळीवर एक समन्वय यंत्रणा उभी राहिली आणि रुग्णालयारुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक नेमले गेले. हे समन्वयक बहुतेक करून अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर असतात. आपलं नेहमीचं काम सांभाळून ते ही जबाबदारी घेतात आणि तिचा मोबदला त्यांना मिळतो. अतिदक्षता विभागातल्या मृत्यूंची नंतर छाननी होते : इथे संभाव्य दाता होता का, तो ओळखला गेला का, कुटुंबाशी कोण बोललं, नकार का आला. मृत्यूची बातमी आणि दानाची विनंती एका दमात सांगायची नाही, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा शिकवलं जातं. कुटुंबांच्या नकाराचं प्रमाण तिथे सुमारे 15 टक्क्यांपर्यंत उतरलं, त्यामागे ही संभाषणं आहेत. या कामाचं जितकं कौतुक व्हायला हवं तितकं झालेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

क्रोएशियाने हीच पद्धत उचलली. 2000 साली तिथे दहा लाखांमागे तीन दातेही नव्हते. 2011 पर्यंत ते 30च्या पुढे गेले.

वाद पुन्हा पेटवला तो 2003 सालच्या एका गाजलेल्या अभ्यासाने. त्यातला आलेख अजूनही जागोजागी दाखवला जातो : गृहीत संमती असलेल्या ऑस्ट्रियात 99.98 टक्के, स्पष्ट होकार लागणाऱ्या शेजारच्या जर्मनीत 12 टक्के. आलेख खरा आहे, पण तो मोजतो कायद्याच्या दृष्टीने किती लोक संमती दिलेले धरले जातात हे. प्रत्यक्षात किती जणांचे अवयव मिळाले, हे त्यातून कळत नाही. या दोन आकड्यांची गल्लत धोरण ठरवणाऱ्यांनीही केली आहे. गृहीत संमती असूनही बल्गेरियात दाते फारच थोडे आहेत. उलट स्पष्ट होकाराचीच पद्धत असलेली अमेरिका जगात वरच्या क्रमांकांत आहे.

ब्राझीलचा अनुभव अधिक बोलका आहे. 1997 साली तिथे गृहीत संमतीचा कायदा झाला आणि लोकांनी ओळखपत्रावर ‘दाता नाही’ असा शिक्का मारून घ्यायला धाव घेतली. वैद्यकीय व्यवस्थेवर आधीच विश्वास कमी होता. आपल्याला वाचवायचे प्रयत्न अर्ध्यावर सोडले जातील, ही भीती कायद्याने वाढवली. 1998 मध्येच तो मागे घ्यावा लागला.

ब्रिटनमध्ये 2008 साली एका तज्ज्ञ गटाने गृहीत संमतीच्या विरोधात मत दिलं आणि रुग्णालयांमधली व्यवस्था सुधारण्यावर भर दिला. पाच वर्षांत दात्यांची संख्या 50 टक्क्यांनी वाढवायचं उद्दिष्ट 2013 मध्ये गाठलं गेलं, तेही कायदा न बदलता. तरीही वेल्सने 2015 मध्ये आणि इंग्लंडने 2020 मध्ये गृहीत संमती आणलीच. इंग्लंडमध्ये त्यानंतर कुटुंबांच्या होकाराचं प्रमाण वाढण्याऐवजी घटलं. मध्ये महासाथ आली, त्यामुळे सगळा दोष कायद्याला देता येणार नाही. पण अपेक्षित वाढ दिसली नाही हेही खरं. अनेक कुटुंबांना मृत व्यक्तीची इच्छाच माहीत नसते, आणि नोंदवहीत नकार नाही एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही.

इस्राएलने वेगळी वाट धरली. 2008च्या कायद्याने, दाता म्हणून नोंदणी केलेल्यांना पुढे स्वतःला अवयव लागल्यास यादीत काही प्राधान्य मिळू लागलं.

गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी वाढ मात्र संमतीच्या वादाशी संबंधित नाही. अपघाती मृत्यू घटले, मेंदूतल्या रक्तस्रावावर उपचार सुधारले, तसे मेंदूमृत दाते कमी होऊ लागले. तेव्हा हृदय थांबल्यानंतरच्या दानाकडे पुन्हा लक्ष गेलं. त्याचे प्रकार 1995 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या बैठकीत ठरवले गेले होते. उपचार थांबवण्याचा निर्णय आणि दानाचा प्रश्न पूर्णपणे वेगळे ठेवायचे, ही या मार्गाची पहिली अट. काढलेल्या अवयवात रक्त किंवा द्रव खेळता ठेवणारी यंत्रं आल्याने असे अवयव अधिक प्रमाणात वापरता येऊ लागले. स्पेनमध्ये आता जवळपास निम्मे दाते याच मार्गाने येतात. जर्मनीत या प्रकारच्या दानाला परवानगीच नाही. तिथल्या संसदेने 2020 मध्ये गृहीत संमती फेटाळली, आणि 2024 मध्ये त्याच मुद्द्यावर पुन्हा विधेयक आलं.