ऑनलाइन शिकलेला डायव्हर कच्चा असतो का?

स्कूबाची थिअरी ऑनलाइन केली की डायव्हर कच्चा राहतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. ऑनलाइन होतो तो फक्त वर्गातला भाग. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ओपन वॉटर या सुरुवातीच्या कोर्समध्ये आधी पूलसारख्या बंदिस्त पाण्यातला सराव आणि मग खुल्या पाण्यात ४ डाइव्ह, हे सगळं प्रशिक्षकासमोरच करावं लागतं. त्याला पर्याय नाही.

उलट थिअरी आपल्या गतीने वाचण्याचा फायदाच होतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे फुप्फुसं भरून श्वास रोखला आणि तसंच वर आलं, तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. हे भर वर्गात कळलं नाही तरी संकोचाने मान डोलावणारे बरेच असतात. घरी तेच पान चारदा वाचता येतं.

मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणं मात्र पाण्यातच जमतं. (वर्गात बसूनही ते कुणाला आलेलं नाही!) पाण्यात उतरण्याआधी प्रशिक्षकाने थिअरीवर प्रश्न विचारायलाच हवेत. नाही विचारले, तर तुम्ही आग्रह धरा.